शेवटची सोळा पानं

गेल्या वर्षी माझी आठ पुस्तकं वाचायची राहिली. ती हरवली नव्हती, कुणी नेली नव्हती आणि मला वेळ नव्हता असंही नाही. टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, चिनी मातीच्या दोन बदकांच्या मधोमध, ती वर्षभर उभी होती. मी दर रविवारी त्यांच्यावरची धूळ पुसत होतो. पुस्तकावरची धूळ पुसणं हे वाचनाच्या इतकं जवळचं काम आहे, की फडकं झटकताना माणसाला वाटतं, चला, आज बरंच वाचन झालं.

आधी आमची भिशी सांगतो. सोलापुरात भिशी नाही असं घर सापडणं अवघड, पण आमची भिशी पुस्तकांची आहे. आम्ही बाराजण. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी निघते. तिच्यावर ज्याचं नाव असेल त्या माणसाला बाकीच्या अकराजणांनी आपल्या घरातलं एकेक पुस्तक द्यायचं. ते आपण स्वतः वाचलेलं हवं आणि देताना जीव थोडा तरी खालीवर झाला पाहिजे, हा पहिला नियम. दुसरा नियम जरा क्रूर आहे. जानेवारीत आम्ही सगळे मंद्रूपला हुरडा खायला जातो. आमच्यातल्याच आप्पांचं तिथं रान आहे. शेकोटीभोवती बसल्यावर ज्यानं पुस्तक दिलं तो ते घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो. उत्तर आलं नाही, तर पुस्तक सगळ्यांसमोर परत.

हा दुसरा नियम मीच सुचवला होता. मी शाळेत भूगोल शिकवतो. दुसऱ्याची परीक्षा घ्यायची म्हटलं की मला नेहमीच हुरूप येतो.

गेल्या वर्षी जानेवारीत पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. म्हणजे वाचायला अख्खं वर्ष! नोव्हेंबरात नंबर लागलेल्याला निदान एक सबब असते. मला तीही नव्हती. अकरा पुस्तकं घरी आली त्या दिवशी मी काय थाट केला! खाकी कव्हरं घातली, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग रंगाप्रमाणे लावायची म्हणून कव्हरं पुन्हा काढली. प्रत्येकात एक जुनं एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"लग्नात माझा रुखवत मांडला होता तो असाच," ती म्हणाली. "आणि त्यातलंही तुम्ही काही वापरलं नाहीत."

मी तीन वाचली. एक भुतांचं, एक प्रवासाचं आणि एक कोंबडीपालनाचं. कोंबडीपालनाचं अशासाठी, की ते चौसष्ट पानांचं होतं. बाकीच्या आठांची मलपृष्ठं मात्र मला पाठ होती. हे माझं जुनं कसब आहे. मलपृष्ठ, पहिली दहा पानं आणि मधलं कुठलंही एक पान, एवढ्या भांडवलावर मी कुणाहीशी अर्धा तास बोलू शकतो. समोरच्याला वाटतं, ह्या माणसानं पुस्तक कोळून प्यायलंय.

त्या आठांतलं एक पुस्तक अक्कांचं होतं.

अक्का आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहतात. घरात तेलुगू बोलतात, पण शाळा चौथीपर्यंत मराठीत झाली. त्यांच्या घरचे सगळे मागावर चादरी विणायचे आणि अक्का उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात चालू आणि डोळे समोर भिंतीला टेकवलेल्या पुस्तकावर. बोटांना तंबाखू लागलेली, म्हणून पान कोपरानं उलटायचं. अशी त्यांनी मंगळवार बाजारातल्या रद्दीतून आणलेली कितीतरी पुस्तकं संपवली. आता विड्या सुटल्या, वाचन राहिलं. त्यांना भिशीत मीच आणलं आणि त्याचा टेंभा दोन वर्षं मिरवला.

त्यांनी मला दिली ती निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी. पाठीला मागावरच्या सुतानं घातलेले टाके. उघडली की तंबाखूचा वास यायचा. मी बाविसाव्या पानापर्यंत गेलो आणि तिथं तिकीट ठेवून उठलो. कशासाठी उठलो ते आठवत नाही. चहासाठी असेल. तो चहा वर्षभर चालला.

जुलैमध्ये एकदा अक्कांनी फाटकाशी गाठलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती.

"काय सर, वाचलालाव का नाही आमचं पुस्तक?"

"अक्का, वाचून झालं की!" हे वाक्य माझ्या तोंडून इतकं गोड निघालं की मलाच ते खरं वाटलं.

"झालं? सगळं?" अक्कांचे डोळे मोठे झाले. "शेवट पण?"

"शेवट तर काय विचारता! दोन दिवस झोप नाही आली."

अक्का जवळ आल्या. मग फाटकाची कडी हातात धरून हळूच म्हणाल्या, "आत्ता सांगू नका. हुरड्याला सांगा. सगळ्यांच्या समोर ऐकते मी."

त्या हसत घरी गेल्या. मीही भाजी घेऊन आत गेलो. स्वतःवर खूश होतो हे कबूल करतो.

जानेवारी उजाडला. मंद्रूपच्या रानात शेकोटी पेटली, कणसं भाजली, आप्पांनी ती हातावर चोळून गरम हुरडा प्रत्येकापुढं टाकला. शेंगाचटणी, गूळ, दही. माझी पाळी आली तेव्हा मी उठून उभाच राहिलो, कारण बसून बोलणं मला जमत नाही. वाचलेल्या तिन्ही पुस्तकांना मी पैकीच्या पैकी मिळवले. कोंबड्यांच्या रोगांवर तर असा बोललो की आप्पा म्हणाले, "सर, तुमी खुराडं काढा." न वाचलेल्यांपैकी चारांतून मलपृष्ठाच्या जोरावर सुटलो.

मग अक्का. त्यांनी तोंडातला हुरडा संपवला, पदराला हात पुसले आणि सरळ बसल्या.

"सर, ती बाई शेवटी कुठल्या एसटीत बसली?"

बाई मला माहीत होती. बाविसाव्या पानापर्यंत ती विहिरीवर धुणं धूत होती. एसटीचा पत्ता नव्हता. पण मी काय घाबरणारा माणूस आहे?

"अक्का," मी हात पसरून म्हणालो, "जी आधी आली, तीत बसली. आयुष्यात माणूस दुसरं काय करतो?"

"वाहवा," कुणीतरी म्हणालं.

"पण दोन्ही एसट्या एकदमच आल्या होत्या की," अक्का म्हणाल्या.

आप्पांनी कणीस शेकोटीत तसंच सोडलं. "सर, आता कसं करता वो?"

आणि मग अक्कांनी जे सांगितलं ते त्या मला चिडवायला सांगत नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या प्रतीला शेवटच नव्हता. बांधणारा शेवटची सोळा पानं घालायलाच विसरला होता. दोनशे आठव्या पानावर ती बाई ट्रंक घेऊन स्टँडवर उभी आहे. एक एसटी माहेरच्या गावाला जाणारी, दुसरी कुठल्यातरी अनोळखी शहराला. दोन्ही एकदम लागतात. ती पाय उचलते आणि पुस्तक संपतं. बारा वर्षं झाली त्याला. अक्कांनी बाजारात शोधलं, लेकाला फोनवर शोधायला लावलं, छापणाऱ्याचं दुकान कधीच बंद झालं होतं. शेवटी त्यांनी विचार केला, पुस्तक भिशीत घालावं. ज्याला जाईल तोही आपल्यासारखा अडकेल, शिकलेला माणूस असेल, कुठून तरी पुढचं मिळवील.

"जुलैत तुम्ही म्हणालाव शेवट वाचला, तेव्हा मला वाटलं, सरांना सगळं पुस्तक सापडलं," त्या म्हणाल्या. "सहा महिने कुणाला बोलले नाही. सांगा की आता. कुठं गेली?"

अजूनही वाट होती. मी तिला त्या अनोळखी शहरात उतरवू शकलो असतो, एखादी खोली देऊ शकलो असतो, शिवणयंत्र घेऊन देऊ शकलो असतो. पाच मिनिटांत असा शेवट रचला असता की शेकोटीभोवती रुमाल निघाले असते. तोंड उघडलंही होतं. पण अक्का मान पुढं काढून ऐकत होत्या. वर्गात सगळ्यात पुढं बसून ऐकणाऱ्याकडं बघून चुकीचं सांगवत नाही, तसं झालं.

"अक्का, मी वाचलंच नाही. बावीस पानं वाचली."

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अक्कांनी हात पुढं केला. "द्या मग."

"एक महिना द्या मला. वाचतो."

"न्हाय जमायचं," आप्पा म्हणाले. "नियम हाय. तुमीच केलेला."

पिशवीतून ते निळं पुस्तक काढून मी अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून बाविसाव्या पानावरचं माझं तिकीट काढलं आणि मला परत केलं. "हे तुमचं," म्हणाल्या. मग पुस्तक पदराखाली घेतलं. उरलेल्या तिघांचे प्रश्न मी ऐकूनच घेतले नाहीत. पुस्तकं आपणहून त्यांच्यापुढं ठेवली, आणि मलपृष्ठावर सुटलेली चारही त्यांच्या मालकांना परत केली. बदकांच्या मधे आता तीनच पुस्तकं उरली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी तो शेवट शोधून काढणार."

"आधी सुरुवात वाचा," ती म्हणाली.

पण एकदा डोक्यात घेतलं की मी कुणाचं ऐकत नाही. शहरातली वाचनालयं पालथी घातली. रद्दीवाल्यांकडं बसून पोती उपसली आणि शिंका घेऊन परतलो. शाळेत तासिका मोकळी मिळाली की फोन. भिशीच्या ग्रुपवर सगळे रोज विचारत होते, "बाई लागली का हाताला?" एकदा मुख्याध्यापकांनी फोनवरचं माझं वाक्य अर्धवट ऐकलं, "ती कुठल्या स्टँडवरून गेली एवढंच कळू द्या हो," आणि काळजीनं मला खुर्ची दिली.

शेवटी फेब्रुवारीत वैरागहून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता तिथं शिक्षिका आहे. म्हणाली, इथल्या वाचनालयात निळ्या पुठ्ठ्याची एक प्रत आहे, दोनशे चोवीस पानांची. रविवारी सकाळच्या एसटीनं वैराग गाठलं. ग्रंथपाल म्हातारे होते आणि मोजकं बोलणारे.

"भाईर न्यायचं न्हाय. तुमी हितले मेंबर न्हाय."

"शेवटची सोळा पानं फक्त."

"झेरॉक्स कोपऱ्यावर हाय. मी येतो संगं."

ते खरोखर पुस्तक काखेत धरून माझ्याबरोबर कोपऱ्यावर आले आणि मशीनपाशी पहारा देत उभे राहिले. कागद हातात आल्याबरोबर मी छापील बाजू आत करून घडी घातली. दुपारच्या परतीच्या एसटीत ती घडी खिशात अशी टोचत होती म्हणून सांगू! दोनदा हात गेला. दोनदा मी तो दुसऱ्या हातानं धरून खाली ठेवला. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

सोलापुरात उतरून घरी न जाता तडक अक्कांच्या उंबऱ्यात. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी घडी पुढं धरली.

अक्कांनी कागद उघडला नाही. घडीचा कोपरा उचलून २०९ हा आकडा तेवढा बघितला. त्यावर बोट ठेवलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही वाचलाव?"

"नाही."

"का?"

"कसं वाचणार? मी अजून विहिरीवरच आहे."

अक्का इतक्या हसल्या की मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या. मग उठून आत गेल्या आणि निळं पुस्तक घेऊन आल्या.

"हे घ्या. स्टँडपर्यंत या तुम्ही. मग दोघं मिळून बघू कुठं जाते ती."

"अक्का, तुम्ही वाचा हो. बारा वर्षं थांबलात."

"एकटीनं वाचून कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस घ्या. जास्त नाही." आणि त्यांनी ते सोळा कागद चटणीच्या रिकाम्या डब्यात घातले, झाकण दाबून बसवलं आणि डबा देवाच्या फळीवर ठेवला.

त्या दिवसापासून मी वाचतोय. मलपृष्ठ बघायचं नाही, पान गाळायचं नाही, चहासाठी उठायचं नाही. चहा बायको आणून ठेवते आणि कितवं पान ते वाकून बघून जाते. पुस्तक चांगलं आहे. इतकं चांगलं, की ते वर्षभर बदकांच्या शेजारी उभं ठेवलं याची मला लाज वाटते, आणि उरलेल्या सातांतही असंच काहीतरी असेल या विचारानं जास्त वाटते. सातही मालकांना सांगून ठेवलंय, पुस्तकं जपून ठेवा, एकेक मागायला येणार आहे. कुणाचा विश्वास बसलेला नाही. न बसू दे.

आज सातवा दिवस. एकशे शहाण्णवावं पान. सकाळपासून तिसऱ्यांदा फाटकावरून हाक आली.

"सर! पोचली का स्टँडवर?"

"ट्रंक भरलीय अक्का!" मी आतूनच ओरडलो, पुस्तकातून मान न काढता. "निघतेय!"