ड्राय स्टोअरमधला दसैं

"साहेब, मी चांगलंच करायला गेलो हुतो की!"

स्टोअरकीपर सिद्धाप्पा हात जोडून उभा होता. समोर टेकेंद्र, आमच्या हॉटेलचा नेपाळी कुक. मध्ये टेबलावर मातीचा ट्रे आणि त्यात हिरवेगार तरारलेले जव.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका हॉटेलचा मॅनेजर होतो. टेकेंद्रनं दसऱ्याला गावी जायची रजा मागितली होती. मी नाकारली. बुकिंग फुल्ल होतं आणि सणाला गेलेला कुक परत येईलच, याची खात्री आमच्या धंद्यात कुणी देत नाही. घटस्थापनेला त्यानं ड्राय स्टोअरमध्ये, म्हणजे धान्याच्या कोरड्या खोलीत, पोत्यांमागे जव पेरले. तिथं पाणी न्यायची बंदी होती, पण मी कानाडोळा केला.

नेपाळ्यांचा दसरा म्हणजे दसैं. जव अंधारात वाढवायचे, म्हणजे अंकुर पिवळेधमक येतात. त्याला ते जमरा म्हणतात. दशमीला वडीलधाऱ्यांनी कपाळावर दही-तांदळाचा लाल टिळा लावायचा आणि जमरा कानामागे खोचायचा.

सिद्धाप्पा मंगळवेढ्याचा, ज्वारी पिकवणारा. पिवळं पीक बघून त्याचा जीव तुटला. "ऊन न्हाय, खत न्हाय, लई हाल चालले हुते बिचाऱ्याचे," तो म्हणाला. त्यानं ट्रे गच्चीवर उन्हात ठेवला. वर चिमूटभर युरियाही दिला. दशमी उद्यावर आली होती.

"साब, मेरा छोड़ो," टेकेंद्र म्हणाला. "बेटी यहीं पैदा हुई. मराठी बोलती है, भाकरी खाती है. दसैं को हर साल गाँव ले जाता था. इस बार जमरा भी नहीं, तो कैसे बोलूँ उसको कि तू नेपाल की है?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

घरी बायकोला सांगितलं. तिनं देवघराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं उजेड कमी, त्यामुळे आमच्या घटाचं धान पिवळंच उगवलं होतं.

"रजा द्यायला हात आखडला, आता धान तरी द्या," ती म्हणाली. "दसऱ्याला वाटायचंच असतं की ते."

पण ते पडले गहू. दशमीला टेकेंद्र बायको-मुलीला घेऊन घरी आला आणि त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. ती नेपाळीत बरंच बोलली.

"आमा बोलती है, गहू चालतंय, देवी एकच हाय," त्यानं सांगितलं. "लेकिन टीका बड़ों के हाथ से. पूछती है, वहाँ तेरा बड़ा कौन है?"

बायको पदर सावरत पुढे झाली. पोरीच्या कपाळावर ठसठशीत टिळा, कानामागे आमच्या घटाचं धान. फोनमधली म्हातारी हसता हसता रडायला लागली. सिद्धाप्पाही आला होता, पण दारातच घुटमळत होता. टेकेंद्रनं सोबत आणलेले ते हिरवे जव त्याच्या टोपीत खोचले. "तूने बड़ा किया, तू पहन."

पुढच्या वर्षी मी रजा आपणहून दिली. "येईल का हो परत?" मालकांनी विचारलं. "न आला तर दुसरा बघू," मी म्हणालो.

कोजागिरीला सकाळी दाराची बेल वाजली. टेकेंद्र, त्याची बायको आणि मुलगी, स्टेशनवरून थेट, बॅगांसकट. दसैंचा टिळा कोजागिरीपर्यंत घेता येतो आणि आपल्या वडीलधाऱ्यांकडचा चुकवायचा नसतो म्हणे. पोर माझ्या बायकोपुढे कपाळ करून उभी राहिली.

नव्या मॅनेजरांना एवढंच सांगतो, कुकला सणाची रजा द्या. आणि कोजागिरीच्या आदल्या रात्री घरी दही लावून ठेवा.