कमलच्या दोन फुंकरी

जय भीम, नमस्कार. या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून वाचतो, लिहिलं कधी नाही. खरं सांगतो, तुमचे निम्मे किस्से मले खोटे वाटतात. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, पिंपळाखाली कोणीतरी... वाचतो अन् हसतो. माह्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला अंगारा-धुपारा सगळा नदीत गेला. मी त्याचाच पोरगा. भूत नाही, अंगात येणं नाही. आजही माहं मत तेच आहे. पण एक गोष्ट झाली — भर दुपारी, बाजारात, दोन माणसांसमोर — अन् ती मले कोण्याच खान्यात बसवता येऊन नाही राहिली. म्हणून लिहितो. शिक्षण चौथी. चुका समजून घ्या, नाही घेतल्या तरी चालते.

मी अमरावतीजवळ नांदगाव पेठले राहतो. वय अडुसष्ट. विहिरीवरच्या मोटारी भरतो. म्हणजे मोटार जळली का तिच्यातली तांब्याची तार काढतो अन् नवीन गुंडाळून देतो. आमचा हंगाम थंडीचा. गहू-हरभऱ्याले पाणी चालू असते, मोटारी जळतात, अन् सकाळी साडेपाचले फोन येते. बडनेऱ्याच्या पुढं, मूर्तिजापूरच्या अलीकडं जेवढी खेडी आहेत तेवढी मले ओळखतात. शंभर सीसीची गाडी आहे, तिच्यावर जातो. ते वारं ज्यानं खाल्लं त्यालेच माहीत. उभ्या माणसाले थंडी वाजते, गाडीवरच्या माणसाले थंडी चावते.

माही बायको कमल दोन वर्षांमांगं पोळ्याच्या आधी गेली. किडन्या गेल्या होत्या. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाले समजणार नाही.

ती आमच्या इथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकोणीस वर्षं शिलाई मशीनवर होती. बाहेरदेशी जाणारी जॅकेटं शिवत. बर्फातले लोक घालतात ती. साहेबाजवळ कापडातून हवा किती जाते ते मोजायचं एक मशीन होतं. मशीन आकडा सांगे. कमल तोंडानं सांगे. कापड आलं का डाव्या हाताची मागची बाजू जिभेनं ओली करायची, तो हात कापडाच्या आतून ठेवायचा, बाहेरून ओठ टेकवायचे अन् फुकायचं. ओल्या चामडीले बारीकशी हवासुद्धा समजते. दोन फुंकरी मारे, छोट्या-छोट्या, फू... फू. मी विचारलं, दोन काहून? तर म्हणे, "एक कपड्याले, एक शंकेले." एकदा मशीनचं अन् तिचं पटलं नाही. त्या दिवशी मशीन दुरुस्तीले गेलं. हे मी मनानं नाही सांगत, साहेबानं पेढे देताना स्वतः सांगितलं होतं.

माह्यासाठी तिनं कारखान्यातल्या उरलेल्या कापडाचं एक जॅकेट घरी शिवलं होतं, साहेबाले विचारून. आठ थंड्या काढल्या त्याच्यात. घालायची रीतही तिचीच. अंगाले पातळ बनियन, घाम ओढून घेणारी. तिच्यावर ढिलं स्वेटर, घट्ट नाही. अन् सगळ्याच्या वर वारा अडवणारं. ती म्हणे, "ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकलेल्या हवेत असते. वारा ती हवा चोरते. चोराले दारातच अडवा." मफलर जॅकेटाच्या आत, बाहेर लोंबता नाही. हातमोजा बाहीच्या वरून. गुडघ्यावर आतून कापडाचा तुकडा. लोक पोटाशी पेपर खुपसून जात, मी नवरदेवासारखा जात होतो.

ती गेल्यावर पहिली थंडी आली अन् मी गाढवपणा केला. जॅकेटाच्या आतलं अस्तर पापडासारखं सुटून राहिलं होतं. मले वाटलं, उन्हानं-धुळीनं अजून खराब होईन, कमलच्या हातचं आहे, जपावं. म्हणून जॅकेट आत घातलं अन् त्याच्यावरून दोन स्वेटर. दुनिया उलटी. वरून वारा स्वेटरात घुसला, आतून घाम जॅकेटाले चिकटला. महिनाभर तसाच फिरलो. कोणी काही म्हटलं तर मी म्हणत होतो, तुमी आपलं पाहा. छाती भरली अन् दवाखान्यात आठ दिवस झोपलो.

तवापासून माहा पोरगा सुनील मांगं लागला. सरकारी नोकरीत आहे, शांत आहे, पण एकदा धरलं का सोडत नाही. आईवर गेला. त्याच्या ऑफिसातल्या एकाले माही गाडी पाहिजे होती. सुनील म्हणे, "बाबा, अखीन एक ठंडी अशी गेली तर गाडी देऊन टाकतो."

मी म्हटलं, "मंग मले पण देऊन टाक. गाडी गेली का मी खाटेवर."

शेवटी ठरलं असं. नवीन चांगलं जॅकेट घ्यायचं. एका रविवारी सकाळी सहाले निघून दोघांनी आपापल्या गाडीवर अकोल्याले जायचं, माही पोरगी वर्षा तिथं जुन्या शहरात राहते. वर्षानं माह्या छातीले हात लावून सांगायचं. गार लागली तर गाडी गेली. मी हो म्हटलं.

आता ते दुकान. अमरावतीत, नाव नाही सांगत, माणूस चांगला आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा, सोमवार, दुपारचे सव्वाबारा. दुकान रस्त्यापासून आत, काचेचं दार लोटलेलं. पंखा बंद. मी मोटारीचा माणूस, कुठंही गेलो तर पंखा फिरतो का ते आधी पाहतो. दुकानात आम्ही तिघंच: मी, सुट्टी काढून आलेला सुनील अन् दुकानदार.

दुकानदारानं एक काळं, जाड, फुगलेलं जॅकेट काढलं. "घ्या काका, हे घालून बर्फात झोपा."

मी म्हटलं, "झोपायचं नाई, मोटार भरायले जायचं हाये."

सुनीलले ते पाहताक्षणी आवडलं. महागाचं होतं, आतून मऊ, छातीवर चिट्ठी, वारा जाणार नाही म्हणून. "बाबा, हेच घ्या."

मी जॅकेट काउंटरवर घेतलं. डाव्या हाताची मागची बाजू जिभेनं ओली केली. दुकानदार पाहूनच राहिला. हात जॅकेटाच्या आत घातला, छातीच्या जागी. बाहेरून ओठ टेकवले. श्वास आत घेऊन राहिलो होतो... अजून फुकलं नव्हतं.

अन् हातावर हवा लागली.

फू... फू. दोनदा. छोट्या-छोट्या. गरम.

मी हात मांगं घेतला. ओला हात गार लागते हे मलेही समजते. पण हे गार नव्हतं, अन् नुसतं लागणं वेगळं, फुंकर वेगळी. दाराकडं पाहिलं, लोटलेलंच. पंखा बंदच. दाराच्या फटीतली हवा असती तर तोंडाले लागली असती, जॅकेटाच्या पोटात घुसून हाताले कशी लागन? म्हटलं, बुढ्या, वय झालं. पुन्हा हात ओला केला, पुन्हा तोंड लावलं, अन् मुद्दाम श्वास धरून ठेवला. फुकायचंच नाही असं ठरवून.

पुन्हा. फू... फू.

"काय झालं बाबा?" सुनील म्हणे.

"हे नाई पाहिजे."

दुकानदार म्हणे, "काका, याच्यावर तर कंपनीनं लिहून देल्लं हाये."

"लिहून तर माह्या सासऱ्यानंही देल्लं होतं का पोरगी भांडखोर नाई म्हणून. दुसरं दाखव."

त्यानं बरीच दाखवली. शेवटी एका कोपऱ्यात पोपटी रंगाचं, पातळ, कोणी हात न लावणारं जॅकेट होतं. त्याले तोंड लावलं. थांबलो. काही नाही आलं. मंग मी गाल फुगवून जोरात फुकलं, तरी ओल्या हातावर काहीच नाही. चेनीच्या मांगं पट्टी होती, गळा बंद होत होता, बाहीले रबर. हेच घेतलं.

सुनील चिडला. "बाबा, हे घालून तुमी पोपट दिसता."

"पोपट जिता असते. दिसू दे."

"मंग ते काळं मी घेतो," म्हणे, अन् घेतलं त्यानं, मले दाखवायले. मी अडवलं नाही. काय सांगून अडवू? तुह्या मेलेल्या आईनं नाही म्हटलं म्हणून? हे वाक्य माह्या तोंडातून निघालं नसतं.

रविवारी सहाले निघालो. अंगात बनियन, त्याच्यावर ढिलं स्वेटर, त्याच्यावर पोपटी. मफलर आत. बडनेरा सोडलं अन् दोन्हीकडच्या ओल्या हरभऱ्यावरून जे वारं सुटलं ते तुम्हाले सांगून समजणार नाही. माह्या पापण्या दुखत होत्या, पण छाती चुलीपाशी बसल्यासारखी. मूर्तिजापूरले चहाले थांबलो. सुनील कप दोन्ही हातात धरून बसला, कप हालून राहिला होता.

म्हटलं, "काहून रे, दात वाजवून राहिला?"

"वाजवून नाई राहिलो. घासून राहिलो."

"जॅकेट बदलतं का?"

"नाई."

त्याची आई पण असंच नाई म्हणे. बोरगाव मंजूपर्यंत तो माह्यामांगं राहिला, पुढं गाडी काढेच ना.

जुन्या शहरातल्या गल्लीत पोचलो. वर्षा दारातच होती. ती ब्लाउज शिवते, मशीन दारापाशीच आहे. भावाले पाहून म्हणे, "अरे, तू तर फ्रिजमधून काढल्यावानी दिसून राहिला." मंग माही चेन उघडली अन् स्वेटराच्या आत हात घातला. मी उभा राहिलो. सांगायले लाज नाही, दवाखान्यात डॉक्टर आले का जेवढी भीती वाटे तेवढी वाटली. गाडी जाते का राहते, सगळं तिच्या तळहातावर.

तिनं हात तसाच ठेवला. मंग म्हणे, "गरम हायेत बाबा. भाकर ठेवली तर फुगन."

सुनीलले तिनं गोधडीत बसवलं अन् त्याचं जॅकेट उलटं करून मांडीवर घेतलं. आईकडूनच शिकली ती. बोटानं चाचपत गेली. "हे पाहा. छातीले वारा अडवायचं अस्तर हाये. खांद्यापासून मांगं पाठीवर हाये का? नाई. नुसता कापूस भरला. समोरून साहेब, मांगून भिकारी. वारा खांद्यावरून आत घुसला अन् पाठीवर बसून आला अकोल्यापर्यंत."

मी म्हटलं, "छातीपाशी फुकून पाह."

तिनं हात ओला केला अन् फुकलं. "काहीच नाई येत."

"अखीन फुक."

"नाई येत बाबा. छाती चांगली हाये."

मंग मी फुकलं. नाही आलं. ज्या जागेवर दुकानात तोंड लावलं होतं, चिट्ठीच्या बाजूची, तीच जागा. त्या कापडातून हवा जातच नव्हती. म्हणजे मी जरी फुकलं असतं तरी माही हवा माह्या हातापर्यंत पोचली नसती. अन् मी तर फुकलंच नव्हतं.

मंग मी दोघांले सांगितलं. पहिल्यांदा. मले वाटलं, पोरं डॉक्टरकडं नेतील. वर्षानं मशीनवरचं कापड घडी केलं, उघडलं, पुन्हा घडी केलं. बोलला तो सुनील.

"बाबा, मी तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो दुकानात. तुमी दोनदा हात मांगं घेतला."

"हो."

"तुमचे गाल फुगलेच नव्हते. मले तवाच वाटलं, फुकल्याशिवाय बाबा नाई काहून म्हणतात. म्हणून तर राग आला."

एवढं बोलून तो गोधडीसकट उठला, अंगणात गेला अन् ऑफिसातल्या त्या माणसाले फोन लावला. आम्हाले आतून ऐकू येत होतं. "नाई देत भाऊ गाडी. बाबा चालवतात." वर्षानं त्याच्या जॅकेटाले पाठीकडून वारा अडवणाऱ्या कापडाचा जोड लावून दिला, संध्याकाळपर्यंत बसून. आता तोही ते घालून फिरते.

हे एवढंच झालं. तुमच्यापैकी कोणी म्हणन, मनाचा खेळ आहे, बुढ्याले बायकोची आठवण येते. येते. रोज येते. पण आठवणीले कापडाची पारख कशी असन? मलेच नव्हतं माहीत ते जॅकेट पाठीकडून खोटं आहे म्हणून. मोटार जळली तर मी कारण सांगतो, व्होल्टेज कमी, बेअरिंग जाम, पाणी घुसलं. चाळीस वर्षांत बिनकारणानं जळालेली मोटार पाहिली नाही. याचं कारण मले सापडलं नाही. अन् भूत म्हणायले मी तयार नाही. कमल भूत होणारी बाई नव्हती, तिले तेवढी फुरसत नव्हती.

जानेवारीत मी एकटाच त्या दुकानात गेलो. दुपारी सव्वाबाराले, सोमवारीच. दुकानदाराले म्हटलं, असतील नसतील तेवढी जॅकेटं काढ, घेणार नाही, नुसतं पाहायचं आहे. त्यानं काढली. मी एकेकाच्या आत हात घातला, तोंड लावलं अन् न फुकता थांबलो. अकरा होती. अकराव्यापाशी जरा जास्त थांबलो.

काही नाही आलं.

मंग मी खरोखरच फुकून पाहिलं अन् त्यातली तीन बाजूले काढली. म्हटलं, "ही बाहेरगावी गाडीवर जाणाऱ्याले देऊ नको. शहरातल्या शहरात ठीक हायेत."

त्यानं त्या तिन्ही जॅकेटांकडं पाहिलं, मंग माह्याकडं. "काका, हे तुमाले शिकवलं कोनं?"

मी कमलचं पूर्ण नाव सांगितलं. मशीन ऑपरेटर, एकोणीस वर्षं, असं सांगितलं. त्यानं मान हालवली अन् माह्यासमोरच ती तीन जॅकेटं वरच्या फळीवर टाकली.