भेटायला येणाऱ्यांनी चालत बोलावे

अंबडच्या मागच्या कॉलनीत लताबाई पगारे म्हणजे एक प्रस्थ. शाळेत क्लार्क, आवाज खणखणीत, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घेतलीच. फेब्रुवारीत त्यांच्या नवऱ्याला, धोंडीरामांना, कंपनीत मशीनवर उभे असतानाच छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली आणि चौथ्या दिवशी माणूस घरी आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, थोडं थोडं वाढवत न्या. त्यावर धोंडीरामांनी काय विचारावं? "बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मीवर जाईन ना?" लेण्यांच्या त्या दोनेकशे पायऱ्या हा गडी लग्नाआधीपासून दरवर्षी न चुकता चढत आलेला. डॉक्टर हसले, "आरामात जाल. चालत राहिलात तर." झालं, लताबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की पौर्णिमेला माणूस वर गेलाच पाहिजे.

पण घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आता आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? पिशवीत सफरचंदं असतात आणि तोंडात त्याच आजारानं गेलेला एक तरी माणूस असतो. शेजारचे दिनेश आले, चहा प्याले आणि म्हणाले, "आमच्या साडूचं अगदी असंच. रिपोर्ट नॉर्मल, आणि टीव्ही बघता बघता गेला." कंपनीतला सोमनाथ बिस्किटं खात म्हणाला, "जपा भाऊ, दुसरा झटका सांगून येत नाही." येणारा मन मोकळं करून हलका होऊन जायचा आणि धोंडीराम भिंतीकडे तोंड करून पडायचे. आज नको चालायला, धडधडतंय, म्हणायचे. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, सगळं ठीक होतं.

घरात बीपीचं मशीन होतं. लताबाईंनी एक वही केली. कोण आलं, येण्याआधी बीपी किती, गेल्यावर किती. दिनेश येण्याआधी एकशे अठ्ठावीस, गेल्यावर एकशे बावन्न. सोमनाथ तर त्याच्याही वर. वही चाळून लेक तेजल म्हणाली, "मम्मी, पप्पांना आजार नाही, पाहुणे झालेत."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'भेटायला येणाऱ्यांनी चालत बोलावे.' खुर्च्या सगळ्या गच्चीवर! कुणी आलं की बाई नवऱ्याच्या चपला पुढे करायच्या, "चला, नाक्यापर्यंत जाऊन या दोघं." दिनेशना चालता चालता साडूचं मरण काही सांगवेना, त्यांनाच दम लागला. काही लोक रुसले. लता फार शेफारली, असंही म्हणाले. म्हणेनात का! मार्चअखेर धोंडीराम बागेपर्यंत गेले, एप्रिलात थेट लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. जेवण वाढलं, आजारपणात बंद पडलेली शीळ परत आली. लताबाई शाळेत ज्याला त्याला सांगत सुटल्या.

आणि पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सिन्नरकडून नवसाबाई आल्या. धोंडीरामांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलेलं. आता हिला पाटी कोण दाखवणार? त्या भावाचा हात धरून जमिनीवरच बसल्या आणि सुरू झाल्या. "तुझे दाजी बी असंच म्हनत व्हते, बरा झालो म्हून. मळ्यात गेले ते गेलेच. नको चढू रे धोंडू, लय वंगाळ दुखनं हाय हे."

संध्याकाळी धोंडीराम म्हणाले, "यंदा राहू दे." मशीन म्हणालं, एकशे छप्पन्न.

तीन महिन्यांवर पाणी पडलं. लताबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, मग भयंकर चिडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नणंदेला आत बोलावलं.

"आक्का, तुमची माया मला कळते. पण तुमच्या बोलण्यानं यांच्या अंगातलं बळ जातंय. उद्या वर पोचेपर्यंत तुम्ही यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. जे बोलायचंय ते माझ्याशी बोला. मी ऐकते."

थोरल्या नणंदेला असं कुणी बोलतं का? पण नवसाबाई रागावल्या नाहीत. त्या बोलल्या. लताबाई भाकरी थापत होत्या आणि त्या सांगत होत्या, मळा, ती दुपार, मदतीला कुणीच नव्हतं ते. नवरा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांना कुणी हे शेवटपर्यंत सांगू दिलं नव्हतं. लताबाईंनी सगळं ऐकलं, एकदाही मध्ये न बोलता.

सकाळी सहाला सगळे पांढऱ्या कपड्यांत पायथ्याशी. धोंडीराम बायकोच्या आग्रहानं आले होते, पण वर चढेन असं तोंडानं काही कबूल करत नव्हते. पन्नास पायऱ्यांवर थांबले, पाणी प्याले, निघाले. शंभर झाल्या, पुढे दीडशे. तेजल आनंदानं नुसती उड्या मारत होती. तिथे ते पुन्हा थांबले. दम ठीक होता, पण त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं. खाली चल म्हण, असंच ते डोळे म्हणत होते.

नवसाबाईंचे ओठ हलले.

नवसाबाईंनी पदर तोंडात धरला, भावाला ओलांडून त्या पुढे गेल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत चढू लागल्या. सत्तरीला आलेली बाई. धोंडीराम क्षणभर बघत राहिले आणि मग मागोमाग निघाले, शेवटच्या पायरीपर्यंत कुठेही न थांबता.

वर वंदना चालू होती, माणसांची ही गर्दी. धोंडीराम घामेजलेल्या तोंडानं हसत होते. नवसाबाईंनी धापा टाकत भावजयीला विचारलं, "लता, बोलू का आता?"

"बोला, आक्का."

नवसाबाईंनी भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"धोंडू, तू जगनार हायेस."