पेरूच्या खोडाची पट्टी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात होतो. काय झालं रे, असं दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मन्मथ, शालन गेली." छातीत दुखतंय म्हणून लातूरला घेऊन निघाले होते, दवाखाना यायच्या आधीच... आदल्या संध्याकाळी तर शालनवैनी बांधावर उभ्या राहून माझ्याशी भांडल्या होत्या. भांडण कसलं, नेहमीचंच. माझ्या पेरूच्या खोडाला त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ठेवली होती. मी म्हणत होतो, वैनी, या चिंधीपायी लोकांना वाटायला लागलंय की मी नवस बोललोय. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या झाडाला नवसच पाहिजे, अप्पा. हात लावू नका तिला." हे आमचं शेवटचं बोलणं.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि आमची शेतं बांधाला बांध लागून. माझी द्राक्षं, त्याची आधी तूर-सोयाबीन, आणि मग वैनींच्या डोक्यातून निघालेली सफरचंदं. वैनी, म्हणजे त्याची बायको, भोकरच्या, नांदेडकडच्या. लग्न होऊन उभी हयात इकडं गेली तरी "काय करून राहिले, अप्पा?" असंच विचारायच्या, आणि आम्ही औशाकडचे लोक त्यावरून त्यांना चिडवायचो. उन्हात तगणारी सफरचंदाची रोपं त्यांनी हिमाचलातून मागवली तेव्हा गाव पोट धरून हसलं. मीही विचारलं, वैनी, आता बर्फ कधी पाडताय? तर म्हणाल्या, आधी झाडं जगू द्या, बर्फ मग तुमच्या डोक्यावर ठेवू. झाडं जगली. पुढं एका मे महिन्यात लालसर, जराशी आंबट फळं लागली आणि हसणारेच पिशव्या घेऊन दारात आले. पहिला मी.

फळं आली तशा किडीही आल्या. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखा पांढरा, फांदीच्या बेचक्यात बसून रस शोषणारा किडा. आम्हा द्राक्षवाल्यांना तो साक्षात यम. मी तो दिसला की ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडतो. दिसला नाही तरी जोडतो, कॅलेंडर बघून. वैनींचं तसं नव्हतं. त्या फवारायच्याच नाहीत असं नव्हे, पण आधी झाडन् झाड फिरून बघायच्या. गळलेलं फळ उचलून खड्ड्यात पुरायच्या, खोडाला मोरचूद-चुना लावायच्या, पिवळे चिकट सापळे टांगायच्या, निंबोळीचा अर्क मारायच्या. एवढ्यावर नाही भागलं तर त्या एकट्या झाडापुरतं औषध. म्हणायच्या, ताप एकाला आला म्हणून घरादाराला सुई टोचतात का? त्यांचा खरा भरवसा होता लातूरच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या भुंग्यांवर. काळे, तांबूस डोक्याचे, ढेकणं खाऊन जगणारे बारीक भुंगे. एसटीत मांडीवर डबी, डबीवर ओला रुमाल. शेजारच्या बाईनं प्रसाद आहे का म्हणून विचारलं, तर "हाव, झाडांचा" म्हणून मोकळ्या झाल्या. ते भुंगे बागेत सोडले आणि त्यांच्या पिल्लांना कोष करायला आडोसा पाहिजे म्हणून खोडाखोडाला लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. माझ्या पेरूवर ढेकूण लई, म्हणून थोडे तिथंही सोडले. मला न विचारता, अर्थात.

या भुंग्यांची एक गंमत होती. त्यांची पिल्लं दिसायला हुबेहूब त्या ढेकणासारखीच, तशीच पांढरी, कापसाळ. वैनींनी मला किती वेळा दाखवलं असेल... "बोट लावून बघा, अप्पा. बसून राहिलं तर ढेकूण. पळालं तर आपलं." मी म्हणायचो, एवढ्या द्राक्षांना बोटं लावत बसलो तर माझा जन्म जाईल. बोट काही मी कधी लावलं नाही.

वैनी गेल्या आणि दत्ताच्या घरात सुतक लागलं. आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक पाळत नाहीत. दहाव्यापर्यंत त्या घरातलं कुणी शेतात जाणार नाही, म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, बागेचं मी बघतो. वैनींसाठी काहीतरी करावं, एवढंच आतून वाटत होतं हो. काही माणसांना नुसतं बसून रडता येत नाही. मला तर येतच नाही. राख सावडून आलो आणि तसाच बागेत गेलो. बघतो तर फांद्यांवर पांढरंच पांढरं. म्हटलं, बाई जाऊन तीन दिवस नाहीत तर ढेकणानं बाग धरली. दहाव्याला वैनींच्या माहेरची माणसं येतील, बाग बघतील, काय म्हणतील? ब्लोअर काढला, द्राक्षांना मारतो तेच जालीम औषध भरलं आणि एक झाड सोडलं नाही. वर खोडांच्या पट्ट्या सोडवून, गोळा करून पेटवून दिल्या. बाग लख्ख दिसायला लागली. घामानं निथळत दत्ताच्या ओसरीवर गेलो तर पाहुणे म्हणाले, शेजारी असावा तर असा. मला बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त टोचतं ते हे बरं वाटणं.

मे लागला आणि ढेकूण परत आला. औषधानं वरचे मेले, सालीखालचे उरले, आणि त्यांना खाणारं आता कुणी राहिलं नव्हतं. फळांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, त्यावर मुंग्यांची रांग. एक फांदी हातात धरली आणि वैनींचं बोलणं आठवलं. बोट लावलं. बसून राहिलं. दुसऱ्याला लावलं, तेही बसून राहिलं. बागभर तसाच फिरलो... तेव्हा डोक्यात उजेड पडला, की त्या दिवशी जे पांढरं बघून मी घाबरलो त्याला मी बोट लावलंच नव्हतं. त्यातली कितीतरी वैनींची पिल्लं असणार. जिवापाड सांभाळलेली. ती मारून मी शाबासकी घेऊन आलो होतो.

दत्ताला सांगायला गेलो. त्याच्या डोक्यावर नुकतेच केस फुटत होते. मान वर न करता सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो काडीनं जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "ब्लोअरचा आवाज ऐकला होता मी. कळलं होतं, तू काय करून राहिलास. पण उठलो न्हाई. तू माझ्यासाठी राबायला लागलास, तुला थांब कसं म्हणू?"

त्याच्या तोंडून वैनींची बोली निघाली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एकानं बघितलं नाही आणि दुसऱ्याच्यानं बोलवलं नाही, आणि दोन शहाण्यांच्या मध्ये वैनींची बाग गेली. मी त्याला म्हणालो, तुझा काय दोष? तो म्हणाला, मग तुझा तरी काय? दोघांनाही ते पटलं नाही.

यंदा फळं खाण्यासारखी राहिली नाहीत. वैनी करायच्या तशी वेचून आम्ही खड्ड्यात पुरली. लातूरहून नवे भुंगे आणू म्हणतो दत्ता. आणूच. पण माझा जीव अडकलाय तो पेरूपाशी. त्या दिवशी त्या झाडाला मी हात लावला नव्हता. वैनींचं ऐकून नव्हे. पेरू माझ्या हद्दीत होता आणि पाहुणे काही माझं शेत बघायला येणार नव्हते. ती हिरवी, काठ विटलेली पट्टी तशीच आहे, वैनींनी मारलेल्या गाठीसकट. रोज तिच्यासमोर उभा राहतो आणि परत येतो. सोडून बघायची छाती होत नाही. आत काहीच नसलं तर?

काल सकाळी दत्ता बरोबर होता. तो म्हणाला, गाठ सोडू नको, नुसती कड उचल. उचलली. सालीच्या खाचेत तांदळाएवढं, पांढरं, कापसाळ काहीतरी होतं. वाकून मी बोट लावलं.

पळालं. दत्ता खाली बसून रडायला लागला. मी बोट तसंच धरून उभा होतो... आपलंच होतं, वैनी. आणि मलाच भिऊन पळालं.