अध्यक्षांचा चहा

काल गोदावरीचा पूर ओसरला, गाळाचा कुबट वास आला आणि मला आमच्या कॉलनीचे जुने अध्यक्ष आठवले. वीसेक वर्षांपूर्वी नागरिक मंडळाच्या सभेत मी म्हणाले होते, "नाल्याच्या तोंडावरची भिंत पाडा, नाहीतर पाणी घरांत शिरेल." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुम्ही चहाचं बघा." सगळे हसले.

त्याच पावसाळ्यात घरात पाणी शिरलं म्हणून ते बायकामुलांसकट आमच्या वरच्या मजल्यावर आले. पँटला हाच गाळ, हाच वास. बाकीच्यांना मी लगेच चहा दिला. त्यांच्यापुढे मात्र भिंत पाडण्याचा अर्ज ठेवला. "आधी सही, मग चहा."

ओल्या बोटांनी त्यांनी सही केली. तेव्हा वाटलं, फिट्टंफाट झाली. आता वाटतं, त्या चहात साखर तरी कशाला घातली?