पूजेला ठेवलेला टेस्टर

माझा धाकटा दीर गॅरेजवाला आहे आणि माझं त्याच्याशी पटत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला गरीब गाय समजायला नको.

मी रत्नागिरीत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा येतो. शेजारच्या अर्ध्या घरात दीर आणि सासूबाई, आणि पुढच्या अंगणात त्याचं गॅरेज. घरचं गॅरेज असताना गाडी बाहेर दाखवली तर आमच्याकडे केवढा बोभाटा होतो! म्हणून व्हॅन सुरू होईना तेव्हा गेले त्याच्याकडेच.

"कॉइल गेली, वहिनी. पार्ट कोल्हापूरहून मागवावा लागेल," म्हणाला.

आठवडाभर गाडी त्याच्या दारात उभी. तेवढ्यात याने स्वतःच एक जुनी व्हॅन विकत घेतली, रंग मारून नवी केली आणि माझी मुलं न्यायला लागला. "तुमची सोय म्हणून हो," असं मला म्हणायचा. शाळेच्या फाटकाशी पालकांना मात्र वेगळंच सांगत होता. तिथल्या एका आईने मला जसंच्या तसं ऐकवलं: "बाईमाणसाच्या हातात गाडी कधी टिकते का? घाटीत बंद पडली तर पोरांचं काय?"

डोक्यात नुसती तिडीक गेली. पण गाडी परत मिळाली आणि खरंच चढावर बंद पडली! मागे मुलं रडतायत, ट्रक हॉर्न मारतायत, आणि मी सेल्फ मारतेय. सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही पेटत नाही. त्या संध्याकाळी ठरवलं, आता या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. माझ्या गाडीला काय होतं ते मीच शोधणार. मुलं गेली तर माझी गाडी गेली, आणि गाडी गेली की मी परत स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या हाताखाली. ते मला मरेपर्यंत मान्य नव्हतं.

मग मोबाइलवर हत्यारं शोधायला बसले. पहिल्यांदा एका मोठ्या स्कॅनरनेच भुरळ घातली. काळी पेटी, रंगीत पडदा, गाडीला जोडला की दोष सांगणार म्हणे. पण माझ्या जुन्या गाडीला तो जोडायची जागाच नाही, आणि असती तरी सैल झालेली वायर तो दाखवेलच याचा भरवसा नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, म्हणजे आधी प्लगपर्यंत ठिणगी जातेय का ते बघायला हवं; त्यासाठी पाहिला एक ठिणगीची फट कमी-जास्त करायचा टेस्टर. चांगला होता, पण तो धरायला एक माणूस आणि किल्ली फिरवायला दुसरा. माझ्याकडे कुठला दुसरा? गॅरेजवाले करतात तसं प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरायची, तर झटका बसतो सणसणीत. मला सूड घ्यायचा होता, जीव द्यायचा नव्हता.

शेवटी घेतला तो पारदर्शक नळीचा स्पार्क टेस्टर. प्लग आणि वायर यांच्या मधे बसवायचा, सेल्फ मारायचा, ठिणगी जात असेल तर नळीत दिवा लुकलुकतो. माझ्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलून दारात उभी राहिले की एका हाताने किल्ली फिरवता येते आणि दिवाही दिसतो. करंट येतोय का बघायला बारा व्होल्टचा टेस्टिंग बल्ब घेतला. त्याचे चिमटे मात्र मुद्दाम पितळेचे निवडले, लोखंडी चिमटे आमच्या खाऱ्या हवेत बघता बघता गंजतात. एक छोटा मल्टिमीटर बॅटरीसाठी. सगळं डब्याच्या पिशवीत मावलं. उगाच मिरवायला काही घेतलं नाही.

पुढच्या वेळी गाडी अडली तशी सीट उचलली. टेस्टर लावला, ठिणगी नाही. बल्ब ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलच्या जोडापाशी लावला, करंटच नाही. जोड जरा हलवला आणि बल्ब भक्कन पेटला. वरची टेप सोडवली तर आतली पिन मुद्दाम मागे ढकललेली, खड्डा आला की सुटेल एवढीच. आणि टेप कसली? पिवळी! त्याच्या गॅरेजातली! अख्ख्या रत्नागिरीत दुसरा कोणी पिवळी टेप वापरत असेल तर मला दाखवा.

पिन पुढे घेतली. गाडी एका सेल्फमध्ये सुरू. भांडायला जिभेवर शब्द आले होते, पण गिळले. भांडले असते तर तो कानावर हात ठेवता आणि सासूबाई त्याची बाजू घेत्या.

दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, सगळं धुऊन लाल कपड्यावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, गाड्या तेवढ्या चालवायच्या. सासूबाई त्या बाबतीत कडक. दिराने सगळ्या पालकांना मुलांसकट बोलावलं होतं. पूजा झाली की नव्या व्हॅनमधून देवीच्या दर्शनाला फेरी, आणि दिवाळीनंतर मुलं कायमची त्याच्याकडे, असा त्याचा बेत.

पहाटे तो फुलं आणायला बाजारात गेला होता. सासूबाई त्याची व्हॅन धूत होत्या. पूजेचं ते सगळं न्हाऊन निघालं पाहिजे हा त्यांचा नियम, म्हणून सीट उचलून पाइपाने आतलं इंजिनसुद्धा भरभरून धुतलं, प्लगच्या खळग्यांत पाणी साचेपर्यंत. वरून स्वच्छ पुसलं आणि सीट बंद केली. मी तुळशीपाशी उभी राहून बघत होते. प्लगपाशी पाणी साचलं की ठिणगी मरते, एवढं मला आता कळत होतं, पण ते त्यांना कशाला सांगू? घरात गेले, माझी पिशवी आणली.

"आई, माझीही हत्यारं पूजेला ठेवू?"

"ठेव गो, ठेव. तुझ्या पोटापाण्याची ती," म्हणाल्या आणि माझ्या टेस्टरला स्वतः कुंकू लावलं.

पूजा झाली, आरती झाली. दीर रुबाबात व्हॅनमध्ये बसला. सेल्फ मारला. घर्र, घर्र, घर्र. काही नाही. पुन्हा मारला. पालक एकमेकांकडे बघायला लागले. तो उतरून पान्याकडे वळला तशा सासूबाई ओरडल्या, "हात लावशील तर बघ! देव बसलेत तिथे!"

एका बाबांनी, मुलाने घरी सांगितलं असणार, मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे ते दिवा लागणारं यंत्र आहे ना?"

"आहे की. पण तेही पूजेलाच ठेवलंय. ते बघा, झेंडूखाली."

दिराने माझ्याकडे जे पाहिलं! अहाहा! त्या नजरेसाठी मी अजून दहा दसरे थांबले असते. मी माझ्या व्हॅनचं दार उघडलं. "चला रे पोरांनो, देवी वाट बघतेय." मुलं धावत आली, मागून आया आल्या, आणि प्रसादाचं ताट घेऊन सासूबाईही चढल्या. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. दिवाळीनंतर एकही मूल त्याच्याकडे गेलं नाही.

त्याची व्हॅन दुसऱ्या दिवशी उन्हाने वाळली आणि आपोआप सुरू झाली. तेव्हापासून तो हैराण आहे. कॉइल बदलून झाली, प्लग बदलून झाले, तरी नक्की काय झालं होतं ते कळत नाही. चहाला आला की हटकून विचारतो, "वहिनी, खरं सांगा, त्या दिवशी काय बिघडलं असेल?"

"मला बाईमाणसाला काय कळतंय, भावोजी," म्हणते, आणि त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवते.