दादाची डबी

ऊन चढलं की दादाची डबी मुकी व्हायची. डबी म्हणजे गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल. माझा थोरला भाऊ उभं तारुण्य घाटंजीच्या लग्नाच्या बँडमध्ये ती पायाखाली दाबत आला. तिच्या आतला एक भाग तापला की दगा द्यायचा आणि तो आता कुठेच मिळत नव्हता. दादाचं वाजवणंही सुटलं होतं. कान जवळजवळ गेले होते. "डबी मरायच्या आंधी थो आवाज एकडाव आयकू दे मले," एवढंच त्यानं माझ्याकडे मागितलं.

कान गेले तेही त्या आवाजापायीच. लांब वायरीत आवाज बोथट होतो म्हणून हा शहाणा हातभर वायर लावायचा आणि वरातीच्या गाडीवर स्पीकरला चिकटून उभा राहायचा. आम्ही सांगून सांगून थकलो.

डबी कधी दगा देईल याचा नेम नव्हता, म्हणून मी लॅपटॉपवर तिची नक्कल उतरवायला घेतली. सॉफ्टवेअर चिवचिव, फुसफुस असे ठरावीक आवाज डबीतून पाठवतं, बाहेर काय आलं ते मूळ आवाजाशी ताडून बघतं आणि तिचा स्वभाव शिकतं. अट एकच, मध्येच डबी बंद पडता कामा नये. ती दर खेपेला बंद पडायची. शेवटी एका सकाळी तिला कूलरपुढे ठेवली. माइक नव्हताच, सगळं वायरीतून जात होतं, त्यामुळे कूलर खुशाल घरघरत राहिला. डबी शेवटपर्यंत टिकली. नंतर बंद पडली ती कायमचीच.

संध्याकाळी दादाला हेडफोन लावले आणि जमेल तसं त्याच्यासारखं वाजवलं. त्यानं डोळे मिटले. "हाच! हाच नं थो आवाज!" म्हणत मांडीवर ठेका धरला. मला आनंदानं भरून आलं. मग स्क्रीनकडे नजर गेली. नक्कल मी चालूच केली नव्हती. तो गिटारच्या नुसत्या तारा ऐकत होता.

ती चालू करून पुन्हा वाजवलं. त्याचा हेडफोन बाजूला सारून ओरडलो, "आता काही फरक वाटून राह्यला का?"

"कायचा फरक? तेच तं वाजवून राह्यला तू."

मी हेडफोन माझ्या कानाला लावून पाहिले. आवाज हुबेहूब उतरला होता. ज्याच्यासाठी उतरवला त्याला तो आता कधीच ऐकू येणार नव्हता. मला त्या हातभर वायरीचा भयंकर राग आला, आणि दादाचाही. हेडफोन त्याला परत दिले.

"थोडा वाढव नं," दादा म्हणाला.

आवाज केव्हाचा पूर्ण वाढवलेला होता.